खांबामागची शिवण

माझ्या मावशीने उमेदीच्या काळात ढीगभर रस्ते रंगवले, आणि त्यातल्या एकाही रस्त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ती याला कामाची पावती म्हणायची. मी याला अन्याय म्हणायचे. या एका बाबतीत आमचं कधी जमलं नाही.

ती कार्टूनच्या स्टुडिओत होती. जुनी, हाताने काढलेली कार्टूनं. कोल्हा कोंबडीमागे पळतोय, कुत्रा कोल्ह्यामागे पळतोय, आणि एक म्हातारी झाडू घेऊन तिघांच्याही मागे. हे पळणारे काढायला वेगळी माणसं होती, त्यांचा रुबाबही वेगळा होता. मावशीच्या वाट्याला त्यांच्या मागचा रस्ता. आता गंमत अशी की कार्टूनमधला कोल्हा मुळात पळतच नाही. तो मधोमध जागच्या जागी पाय हलवतो आणि मागचं चित्र सरकत राहतं. ते चित्र तरी किती लांब काढणार? म्हणून एक घर, एक झाड, थोडं कुंपण आणि एक दिव्याचा खांब काढायचा आणि पट्टीची दोन टोकं जोडून ती गोल फिरवत ठेवायची. तेच घर, तेच झाड, तोच खांब. बघणाऱ्याला वाटतं, बापरे, केवढं गाव पालथं घातलं!

त्या कामाचा एक कडक नियम होता. पट्टीत डोळ्यात भरेल असं काहीही घालायचं नाही. लाल दार नाही, फुटकी खिडकी नाही, खिडकीत वाळत घातलेला सदरा तर नाहीच नाही. असं काही दिसलं की दुसऱ्या फेरीत प्रेक्षकाला कळतं, अरे, हे तर मघाशीच गेलं होतं, आणि सगळा डाव फसतो. "लक्षात राहिलं की चुकलं," मावशी म्हणायची. पुढे पुढे ती स्वतःही तशीच झाली. फिकट कपडे, हलका आवाज, घरच्या फोटोत कायम कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर.

मी तिची भाची. धंद्याने शिंपीण. घरात मला कात्री म्हणतात, ते धंद्यामुळे नव्हे, जिभेमुळे. मी शिवलेला कपडा घालून बाई रस्त्याने गेली आणि चारजणींनी वळून पाहिलं नाही, तर मला रात्री झोप लागत नाही. अशा दोघी एकाच इमारतीत राहायचो, मी खाली दुकानात आणि मावशी वर तिसऱ्या मजल्यावर. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि मला आई नव्हती, त्यामुळे भांडायला आम्ही एकमेकींना पुरायचो.

काका तिच्या आयुष्यात आले ते स्टुडिओ बंद पडल्यावर. संगणक आले, हाताने रस्ते रंगवणारे घरी बसले. मावशीला एका पार्कात पाट्या आणि भिंती रंगवायचं काम मिळालं. पार्क म्हणजे राइडींचं. फिरते कप, पाळणे, आणि एक छोटी डोंगरगाडी, जी चढावर कण्हत जायची आणि उतारावर किंचाळत यायची. त्या डोंगरगाडीचा ब्रेक काकांच्या हातात होता. माणसांना बसवायचं, पट्टे तपासायचे, गाडी सोडायची, परत आली की ब्रेक ओढून फलाटाला लावायची आणि माणसांना उतरवायचं. आयुष्यभर हेच. तरीही स्वतः डोंगरगाडीत बसायची वेळ आली की हा माणूस पांढराफटक पडायचा. "आचारी आपल्या हातचं जेवत नाही, तसं समजा," असं म्हणून वेळ मारून न्यायचा.

मावशीने तिकीटखिडकीजवळच्या भिंतीवर एक गल्ली रंगवली होती. सवयीने तशीच, नजर घसरून जाईल अशी. काका दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या गल्लीत एखादी खोली भाड्याने मिळेल का हो?"

मावशीच्या रस्त्याकडे पहिल्यांदाच कुणीतरी बघितलं होतं. त्या वयात माणसं लग्नाचा विचार सोडून देतात. हिने केला. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण नाकं त्यांची होती, मुरडू द्यावीत.

त्या दोघांचा एक खेळ होता. रात्रीची जेवणं झाली की खरकट्या ताटांवरच हात वाळवत ते एक राइड बांधायचे. अर्थात तोंडी. राइडीचं नाव पळापळ. मावशीच्या जुन्या कार्टूनांचा सगळा मसाला त्यात. बसायला गाडी नव्हे, चाकं लावलेला न्हाणीचा टब. टब सुटला की झाडूवाली म्हातारी मागे लागणार. समोर भिंत, भिंतीवर नुसता रंगवलेला बोगदा, पण बसणाऱ्याने डोळे मिटले नाहीत तरच तो उघडणार. मग कड्यावरून टब थेट हवेत, आणि खाली कुणी बघत नाही तोवर तो पडणार नाही. मग दारंच दारं असलेली एक ओसरी, ज्यात या दारातून शिरायचं आणि समोरच्या दारातून बाहेर यायचं, म्हातारी तिसऱ्याच दारातून. मी जेवायला असले की मध्येच विचारायचे, "हवेत टब थांबवणार कशाने?" काका गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "सुतार बघेल ते." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण रोज पोटभर जेवायचे दोघं.

त्यांचं भांडण एकाच जागी व्हायचं. शेवटाशी.

"संपायला कशाला हवी?" मावशी म्हणायची. "पट्टी गोल जोडायची. फिरत राहील."

"हे बघा पेंटरीणबाई," काका म्हणायचे. रंगात आले की ते तिला अहोजाहो करत. "राइड म्हणजे काय? चढायचं, घाबरायचं, उतरायचं. त्यातलं उतरायचंच खरं. माणसाला ठाऊक असतं की फलाट येणार, म्हणून तर तो मजेत ओरडतो. फलाटच नसला तर ती राइड नाही, शिक्षा झाली."

"माझी माणसं कधी उतरली नाहीत. कुणाची तक्रार आली नाही अजून."

"तुमची माणसं कागदाची होती."

यावर मावशी ताटं उचलायची. मग काका तिची समजूत काढायला त्यांची रोजची घोषणा करायचे, पार्कातल्या भोंग्याच्या आवाजात: "पट्टा लावा, हात आत!" आणि ताटं मोरीत पोचली की, "सावकाश उतरा. काही राहिलं नाही ना, बघा." गाडी सुटताना पहिलं वाक्य, फलाटावर दुसरं. दिवसभर हीच दोन वाक्यं म्हणून म्हणून त्यांच्या तोंडाला त्यांची घडीच पडली होती.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात काकांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, पण बाहेरची वाट सापडत नाही. सवयीचं एखादं वाक्य मात्र आपसूक निघेल, त्यावर फार आशा बांधू नका. निघालंही. पाणी हवं असलं तरी काका म्हणायचे, "पट्टा लावा." उशी टोचत असली तरी, "हात आत." पहिल्यांदा मी हसले. मावशीही हसली. मग काकांनी आमच्या हसण्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, तेव्हापासून आम्ही कुणी हसलो नाही.

आमचा जिना अरुंद आणि मध्ये वळणाचा. दवाखान्यातून आणताना चौघांनी काकांना खुर्चीत बसवून वर चढवलं, तेव्हा वळणावर खुर्ची तिरपी झाली आणि काका असे किंचाळले की वरखालच्या मजल्यांवरची दारं उघडली. त्यानंतर खाली न्यायचं नाव काढलं तरी ते थरथरायचे. खोलीला खिडकी होती, पण तिच्यासमोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची आंधळी भिंत. हळूहळू काकांनी खिडकीकडेही बघणं सोडलं. तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मावशी चमचा घेऊन बसायची, सूप निवून त्यावर साय धरायची, काका हूं की चूं करत नसत.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ती एकदा गेली की सहसा निघत नाही. मावशी त्यांना खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेली आणि परत येताना माझ्या दुकानात शिरली.

"तुझ्याकडे ताग्याची रिकामी नळकांडी असतील ना? चांगली जाड?"

"आहेत की. कशाला?"

"तू हसशील."

"हसेन. सांग तर."

"त्यांना खाली नेता येत नाही," ती म्हणाली. "मग रस्ता वर आणते."

मी हसले नाही. एवढी वर्षं ती रस्ते रंगवत होती, पण तिच्या तोंडून कामाबद्दल असं बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते. कोल्हा जागचा हलत नाही, मागचं चित्र हलतं. तिच्या घरात आता एक असा माणूस होता, ज्याला जागचं हलता येत नव्हतं.

पार्कातला जुना फिटर आला. त्याने दोन नळकांडी खोलीच्या दोन टोकांना उभी बसवली आणि माझ्याकडचं जुनं पायमशीन उघडून त्याचं पायडल नि चाक एका नळकांड्याला जोडलं. मी पांढरं सुती अस्तर दिलं, मावशीने त्याला खळ लावून ताठ केलं आणि काकांच्या पलंगामागे जमिनीवर बसून रंगवायला घेतलं. गुडघे तिचे केव्हाच गेले होते. उठताना पलंगाचा पाय धरून आई गं म्हणायची आणि पुन्हा बसायची. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. पण मी पाहिलं, ब्रश पाण्यात खळखळला की त्यांचे कान टवकारायचे.

रंगवून झाल्यावर दोन टोकं जोडायचं काम माझं. मावशीने मला बजावलं, शिवण दिसता कामा नये. मी ती दिव्याच्या खांबाच्या सावलीच्या बाजूला घेतली, जिथे रंग सगळ्यात गडद होता. दुहेरी शिवण घातली, वर पुन्हा बारीक हातटाके. मावशीने चष्मा लावून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान. दिसतच नाही." शिंपिणीला यासारखा अपमान नाही. पण तिच्याकडून तो बक्षीस म्हणून घ्यावा लागला.

संध्याकाळी काकांना खुर्चीत बसवलं, उशांचा आधार दिला. मावशी खुर्चीशेजारी स्टुलावर बसली आणि पायडल दाबलं. कापड एकदा कचरलं आणि निघालं. घर गेलं. झाड गेलं. कुंपण, खांब. पुन्हा घर. काकांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला. मला वाटलं, घाबरले, थांबवावं. तेवढ्यात त्यांचं तोंड उघडलं.

"पट्टा लावा!"

त्या दिवशी पहिल्यांदा त्या वाक्याचा अर्थ तोच होता, जो असायला हवा. मावशीने झटकन स्वतःची ओढणी काढून त्यांच्या कमरेभोवती सैल बांधली आणि पायडल जोरात मारलं. काका हसले, अर्ध्याच तोंडाने. झाड आलं तेव्हा तिने चमचा पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. तेव्हापासून तसाच रिवाज पडला. झाड आलं की घास.

नळी टळली. उन्हाळाभर रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीतून पायडलचा आवाज यायचा. मी खाली मशीनवर, ती वर मशीनवर. मावशी पाय मारता मारता त्यांना पळापळीचा हालहवाल सांगायची. "म्हातारी मागे आहे बरं का. आता कडा आला, खाली बघू नका." काका खाली बघत नसत. गालांवर थोडं मांस आलं. मावशीच्या गुडघ्यांचं मात्र वाटोळं झालं, पण ती विषय निघाला की म्हणायची, "माझं राहू दे." मी त्या दिवसांत तिला जितकी सुखी पाहिली, तितकी आधी कधी पाहिली नव्हती. आजारी माणसाच्या खोलीत असं म्हणू नये, पण होती ती सुखी. तिचा रस्ता बघायला रोज एक माणूस बसत होता.

मग पावसाळा संपता संपता काही बिघडलं. काका आधी समोर बघायचे, आता मान वळवून कापड जिथून यायचं त्या टोकाकडे बघू लागले. जणू कुणी यायचं राहिलंय. झाड आलं तरी तोंड उघडेनात. मावशी म्हणाली, मान आखडली असेल. मी म्हटलं, असेल. मग एक दिवस त्यांनी डावा हात वर केला, तळवा पुढे, बोटं ताठ. मी पार्कात लहानपणापासून जात होते. ती खूण मला ठाऊक होती. गाडी फलाटाला घ्या.

मावशीलाही ठाऊक होती. तिने पायडल थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बोलले. स्पष्ट, स्वच्छ, त्या दोन वाक्यांबाहेरचा पहिला शब्द.

"घर?"

मावशीच्या हातातला चमचा पडला. "बोलले! ऐकलंस? बोलले!" ती त्यांचा चेहरा हातात धरून हसत होती, रडत होती. "हे काय, घरातच आहोत आपण. हे आपलं घर."

काकांनी मान हलवली. बोट कापडाकडे केलं. पट्टीतलं एकुलतं घर तेव्हा समोरूनच जात होतं, फिकट, बंद दाराचं, कुणाचंही असेल असं. ते गेलं आणि काकांनी पुन्हा टोकाकडे बघितलं. "घर?"

"मावशी," मी जिन्यात तिला गाठलं. "काका फलाटाची वाट बघताहेत."

"मला शिकवू नकोस."

"रोज त्यांना रस्त्याने फिरवतेस आणि घरी आणत नाहीस. तुझ्या त्या गल्लीत आपलं दार घाल ना एक."

"फिरत्या पट्टीत दार घालता येत नाही! दर मिनिटाला तेच दार येईल आणि तसंच निघून जाईल. दारावरून माणसाला रोज पुढे न्यायचं? ते बरं दिसेल?"

"मग गोल सोड. शेवट कर."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी कुणाच्या तरी अंगावर गरम पाणी फेकलं असावं. "शेवट," ती म्हणाली. "तुझी जीभ आहे की काय आहे गं? शेवट केला की ते उतरतील. उतरले की मग काय? सांग ना, मग काय?"

मला उत्तर ठाऊक होतं आणि तिलाही. एरवी मी बोलून मोकळी झाले असते. त्या दिवशी माझ्या जिभेला धार नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. मावशी हट्टाने पायडल मारायची आणि काका हट्टाने हात वर धरायचे. हात थकून खाली यायचा, पुन्हा वर जायचा. घास पुन्हा बंद झाला. ती एकदा ओरडली त्यांच्यावर, "मी काय कमी करतेय हो? अजून किती रस्ता हवाय?" आणि लगेच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. काकांनी वर धरलेला हात खाली घेतला आणि तिच्या केसांवर ठेवला. मग, थोड्या वेळाने, तोच हात पुन्हा वर केला.

डॉक्टर आले, छाती तपासली, पायांची सूज दाबून पाहिली. आता हृदयच थकलंय, म्हणाले. नळी घालून त्यांना त्रास देण्यात मला अर्थ दिसत नाही, त्यांना हवं ते करा.

मावशी दुकानात आली. दुपार होती, मी कुणाच्या तरी बाहीला चुण्या घालत होते. तिने माझ्यासमोरून कात्री उचलली, पुन्हा ठेवली.

"तूच उसव," ती म्हणाली. "माझ्याने होणार नाही."

मी वर गेले. खांबाच्या सावलीतली शिवण मलाच सापडेना, इतकी बेमालूम बसली होती. मावशीने बोट ठेवून दाखवली. मग एकेक टाका. आधी हातटाके, मग दुहेरी शिवण. मी स्वतःला शिव्या घालत होते की बाई, इतकं पक्कं शिवायला कुणी सांगितलं होतं? कापड शेवटी सुटलं, तेव्हा दोन्ही कडांना सुईची बारीक भोकं तेवढी राहिली. काका खुर्चीतून सगळं बघत होते. त्यांनी हात वर केला नाही.

शेवटचा तुकडा मावशीने अस्तराच्या नव्या कापडावर रंगवला, आणि यावेळी पलंगामागे नाही, त्यांच्यासमोर. आमची इमारत. खाली माझं दुकान, पाटीसकट. वळणाचा जिना, पण वळण असं काढलं होतं की खुर्ची सहज निघाली असती. खिडकीत दोरीवर काकांचा निळा सदरा वाळत घातलेला. आणि दार लाल. आमचं दार कधीच लाल नव्हतं. त्या बाईने आयुष्यभर स्वतःला जे जे मना केलं, ते सगळं त्या एका तुकड्यात घातलं.

दार उघडं होतं आणि आत नुसता पिवळा उजेड. मी म्हटलं, "दारात तू उभी हवीस. काढ ना स्वतःला."

"मला माणसं कुठे काढता येतात?" ती म्हणाली. "मी मागचंच काढत आले."

काका गेले ते त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, झोपेतच. त्या जाण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शांतपणे गेले असं सगळे म्हणाले, आणि तसेच गेले. माझ्या डोक्यातून जात नाही ती त्याआधीची संध्याकाळ.

नवा तुकडा मी टोकाला जोडला होता, कापड आता गोल नव्हतं. फिटरने ते एका नळकांड्यावर गुंडाळून दुसऱ्यावर घेतलं होतं, एकदाच जाणारं. पायडलवर मी बसले. मावशीने काकांना निळा सदरा घातला, ओढणी कमरेला बांधली. मी पाय मारला. घर, झाड, कुंपण, खांब. जुन्या गल्लीतून सावकाश निघालो. मावशी काही सांगत नव्हती, म्हातारीही मागे लागली नव्हती. खांबाची सावली आली, सुईच्या भोकांची ओळ गेली, आणि कापडाच्या टोकाकडून माझं दुकान आलं.

काका उशांवरून पुढे सरकले. त्यांचा हात वर गेला. मी वेग कमी केला. जिना आला, वळण आलं, सदरा आला. त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कापडाकडे. मग लाल दार आलं आणि मी पाय थांबवला. तेव्हा मावशी काकांशेजारून उठली, भिंत धरत धरत पुढे गेली आणि कापडासमोर, त्या उघड्या दारात जाऊन उभी राहिली. मधोमध. तिला मधोमध उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

काका तिच्याकडे बघत राहिले. कमरेची ओढणी त्यांनी एका हाताने चाचपली, गाठ सोडली. आणि झटक्यानंतर कधीच न निघालेलं त्यांचं दुसरं वाक्य निघालं, अडखळत नाही, पार्कातल्यासारखं सरळ.

"सावकाश उतरा. काही राहिलं नाही ना, बघा."

मावशी दारातून हलली नाही.

"राहिलं ना," ती म्हणाली. "मी राहिले."